उलट्या वेढ्याच्या कुरडया

आमच्या बिबवेवाडीच्या घरात उन्हाळा आंबूस वासाने सुरू व्हायचा. होळी झाली की आई जर्मनच्या मोठ्या पातेल्यात गहू भिजत घालायची आणि रोज सकाळी त्यातलं पाणी बदलायची. तिसऱ्या दिवशी तो वास मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणि तिथून शेजारच्या काकूंच्या ओट्यापर्यंत पोचायचा. काकू दरवर्षी न चुकता विचारायच्या की तुमच्याकडे काही मेलंय का. आईही दरवर्षी तेच उत्तर द्यायची, की नाही, कुरडया आहेत, तळल्यावर तुम्हीच पहिल्या येता. यावर दोघीही हसायच्या नाहीत. काकू थोड्या वेळाने स्वतःची परात आणि प्लास्टिकचा कागद घेऊन मदतीला यायच्या, आणि कुरडया तळल्यावर खरंच पहिल्या यायच्या.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना कुरडई म्हणजे दुकानातल्या पिशवीतली पांढरी जाळी वाटते. भिजलेले गहू वाटायचे, पिळून त्यांचं दूध काढायचं, ते रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खाली राहिलेला दाट चीक उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवायचा. हाटायला एक माणूस लागतं, ओतायला दुसरं. हात क्षणभर थांबला तर गुठळ्या होतात आणि तीन दिवसांचे कष्ट वाया जातात. आमच्याकडे हाटायचं काम मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे होतं. माझा धाकटा भाऊ सुरेश वाटी घेऊन चुलीपाशी बसलेला असायचा, कारण गरम चिकावर दूध-साखर घालून खाणं हा त्या दिवसाचा नाश्ता असे. त्या चवीच्या तोडीचं मला आजवर दुसरं काही मिळालेलं नाही. गेल्या वर्षी मुलीने कुठल्याशा हॉटेलात तो चीक मला खाऊ घातला. वरून पिस्ते टाकले होते. मी चांगला आहे म्हणाले.

मग घरमालकांच्या गच्चीवर कागद अंथरायचा आणि आई सोऱ्या घेऊन बसायची. आई डावरी होती. इतर बायकांच्या कुरडईचा वेढा उजवीकडून फिरत आत जायचा, आईचा डावीकडून. गच्चीवर काकूंच्या आणि आईच्या कुरडया शेजारी शेजारी वाळत असल्या तरी संध्याकाळी गोळा करताना कुणाची कुठली हे विचारावं लागत नसे. आमचे बाबा रबरी शिक्के बनवायचे. दिवसभर उलटी अक्षरं कोरून त्यांना उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की आईच्या डाव्या हाताचं त्यांना कधी काही वाटलंच नाही. लग्नानंतर महिनाभराने आपल्या लक्षात आलं, असं ते सांगायचे. यात त्यांचा मोठेपणा किती आणि वेंधळेपणा किती हे आईला कधी ठरवता आलं नाही.

पण आईच्या माहेरी, मांजरीला, तो हात म्हणजे घरावरचं संकट होतं. डाव्या हाताने जेवणारी पोर कोण सून करून घेणार, या काळजीने आजीने तिचा हात वळवायचा चंग बांधला होता. आधी ओरडून झालं, मग मारून झालं आणि सातव्या वर्षी एकदा, डाव्या हाताने भाकरी उलटायला गेली म्हणून, आजीने तिच्या मनगटाला गरम उलथनं लावलं. तो डाग शेवटपर्यंत होता. चिंचोक्याएवढा, गुळगुळीत. त्यानंतर आई चारचौघांत उजव्या हाताने जेवायला, वाढायला शिकली. आजीने एकच सूट ठेवली होती ती कुरडयांची. आईच्या हातून निघणारी तार इतकी बारीक आणि सारखी असायची की सोऱ्या दुसऱ्या कुणाकडे द्यायला आजीचा जीव होईना. नैवेद्याच्या तेवढ्या वेगळ्या करू, म्हणायची. मांजरीत उलट्या वेढ्याची कुरडई दिसली की बायका ओळखायच्या, ही शकूची. पण चांगली झाली असं आजी एकदाही म्हणाली नाही. डाव्या हाताचं कौतुक केलं तर पोर शेफारेल, असा तिचा हिशेब होता.

हे सगळं मला फार नंतर कळलं. मला मांजरीची आजी माहीत होती ती वेगळीच. सुरेश सातव्या महिन्यात जन्मला, सारखा आजारी असायचा आणि आईला दोघांचं जमेना म्हणून चौथ्या वर्षी मला मांजरीला ठेवलं. दोन वर्षं मी तिथे होते. विटांचं घर, वर पत्रा, मागे ऊस. वारा सुटला की उसाची पानं एकमेकांवर घासायची आणि तो आवाज ऐकत मी दुपारची आजीच्या मांडीवर झोपायचे. आजीच्या लुगड्याला चुलीचा आणि तंबाखूच्या मिस्रीचा वास यायचा. सकाळी बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि बोटाने उकरून दिलेला गूळ. बिबवेवाडीचं घर मला आठवेनासं झालं होतं. मामाची मुलं आजीला आई म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. आणि मी डावरी होते. आजी जेवायला बसताना जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन माझा डावा हात पाठीमागे कमरेला बांधायची. दुखेल असं कधी बांधलं नाही. बांधताना गोष्ट सांगायची, उजवा हात लक्ष्मीचा म्हणायची आणि मी उजव्या हाताने घास घेतला की स्वतःच्या ताटातली मलई माझ्या ताटात टाकायची. मला तो खेळ वाटे. मी स्वतःच पट्टी आणून तिच्या हातात द्यायचे.

एका दुपारी आई न सांगता आली. सुरेश आता बरा होता, माझं नाव शाळेत घालायचं होतं. मी पाटावर बसून जेवत होते. आई दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पाठीमागे पाहिलं आणि आत येऊन पट्टी सोडली. मग आजीकडे वळून म्हणाली, "माझा भाजलास तेवढा पुरे होता."

आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "तुला बघाया आले तवा उजव्या हातानं वाढलंस म्हून लगीन झालं तुजं. इसरलीस व्हय?"

आई विसरली नव्हती. तेच तर दुखणं होतं. तिने मला अर्ध्या जेवणावरून उठवलं, हातही धुवू दिला नाही, आणि आम्ही फाट्यापर्यंत उन्हातून चालत आलो. मी रस्ताभर 'मला आईकडे जायचंय' म्हणून रडत होते. तिचा हात धरूनच रडत होते. त्या वेळी तिला काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनात यायला मला स्वतःला मूल व्हावं लागलं.

त्यानंतर आई माहेरी गेली नाही. घरी आल्यावर तिने माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिली. शाळेतल्या बाईंनी ती काढून उजव्या हातात दिली. संध्याकाळी आई पुन्हा डाव्या हातात द्यायची. असं वर्षभर चाललं आणि शेवटी माझा हात उजवाच राहिला. अक्षर मात्र कायमचं बिघडलं. मामा दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचा, आईची समजूत घालायचा आणि चहा पिऊन जायचा. पुढे मी दहा वर्षांची झाल्यावर मे महिन्यात आठ दिवस मला मांजरीला न्यायला आईने त्याला परवानगी दिली. सुरेशला धूळ सोसत नसे, म्हणून तो जात नसे. बाबा कामात. म्हणजे मांजरी माझी एकटीची होती. ते लोणी, तो पत्र्यावरचा उन्हाचा कडकडाट, आजीचं 'आली गं माजी बाय' हे सगळं माझ्या एकटीचं होतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्याला याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

मी पंधरा वर्षांची असताना थंडीत मांजरीचे आजोबा वारले. तेव्हा मात्र आई माहेरी गेली. बाबांबरोबर बसने गेली, बायकांच्या घोळक्यात शेवटी उभी राहिली, वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. आजी भिंतीला टेकून बसली होती. बाकीच्या बायका एकेक करून तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. आई तिच्यापासून चार हातांवर येऊन थांबली. आजीने मान वर केली नाही आणि आई पुढे झाली नाही. दहाव्याला आणि तेराव्यालाही तसंच.

पुढच्या होळीनंतर आईने गहू काढले ते नेहमीच्या दुप्पट. मी विचारलं तर म्हणाली, मांजरीला वर्ष पाळायचंय ना. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर पापड-कुरडया करत नाहीत, लोणचं घालत नाहीत. ते सोयऱ्यांनी आपापल्या घरून नेऊन द्यायचं असतं, आणि त्यात पहिला मान लेकीचा. आई हे इतक्या कोरडेपणाने म्हणाली की जणू नगरपालिकेचा नियम सांगते आहे. पण त्या रात्रीच्या जेवणानंतर मी मोरीत भांडी घासत असताना बाबा तिला विचारत होते, तू स्वतःच का नाही जात घेऊन.  आई म्हणाली, "निमाबरोबर पाठवते. कुणी केल्या एवढं जरी तिने विचारलं ना, अहो, तर वर्षश्राद्धाला मी चार दिवस आधी जाऊन राहीन." भांड्यांचा आवाज थांबवून मी ते ऐकलं. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही.

त्या वर्षीच्या कुरडया आईने जीव ओतून केल्या. मी इतका वेळ चीक हाटला की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर होईना. काकूंना तिने सोऱ्याला हात लावू दिला नाही, सगळ्या तिने एकटीने घातल्या. वाळल्यावर एकेक उन्हात धरून पाहिली, मोडक्या आमच्यासाठी बाजूला काढल्या आणि बाकीच्या गोडेतेलाच्या धुतलेल्या डब्यात खाली-वर जुनी धोतराची फडकी घालून भरल्या. डबा माझ्या हातात देताना गाडीत मांडीवर ठेव, खाली ठेवू नको, हे तिने तीनदा सांगितलं. निरोप काही दिला नाही. स्वारगेटला बस बदलली, हडपसरला बदलली, आणि मी डबा मांडीवरून हलवला नाही.

आजी पडवीत बसली होती. पांढऱ्या कपाळाची आजी मला अजून सवयीची झाली नव्हती. मामी चहा टाकायला आत गेली. आजीने डबा जवळ ओढला, झाकण काढलं, फडकं बाजूला केलं आणि एक कुरडई उचलून उजेडाकडे धरली. तिचा चेहरा बदलला. आजोबा गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. तिने ती बोटांत फिरवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणी केल्या ह्या?"

तो चेहरा मला हवा होता. दुसरं काही नव्हतं. आईचं नाव घेतलं असतं तर तो तिच्यासाठी झाला असता, आई इथे आली असती, चार दिवस राहिली असती, या पडवीत त्या दोघी बसल्या असत्या आणि मी सुरेशला सांभाळत घरी राहिले असते. एवढं सगळं त्या क्षणी मी मोजून पाहिलं असं नाही, पण होतं ते एवढंच. मी म्हणाले, "मी."

हाटलं मीच होतं, असं मनात म्हणून घेतलं. आजी माझ्याकडे बघत राहिली. मग कुरडई डब्यात ठेवून, झाकण लावून, सावकाश म्हणाली, "लई हलक्या झाल्यात. हात चांगला हाय." त्या रात्री माझ्या ताटात मलई होती.

मी तीन दिवसांनी परत आले. आई शिलाईच्या मशीनवर साडीला फॉल लावत होती. चाकावरचा हात तिने थांबवला आणि विचारलं, काय म्हणाली. नऊ वर्षांत आजीबद्दल तिने पहिल्यांदा काही विचारलं होतं. खोटं सांभाळायला दुसरं खोटं लागतं, आणि ते पहिल्याहून सोपं जातं. काही नाही, ठेवून घेतल्या, असं मी सांगितलं. आईने मान हलवली आणि चाक फिरवलं. वर्षश्राद्धाला बाबा एकटे गेले.

त्यानंतरची सहा वर्षं मी सांगणार नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही आणि तीच तर गोष्ट आहे. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले. दर उन्हाळ्यात गहू भिजले. आई फक्त आमच्यापुरते घालायची. खरं सांगायला मी अनेकदा तोंड उघडलं. आज नको, सणाचा दिवस आहे. आज नको, तिचं डोकं दुखतंय. माझ्यासारखी माणसं खोटं बोलायला धाडसी असतात आणि खरं बोलायला मुहूर्त बघतात. मांजरीला जाणं मात्र मीच कमी केलं. आजीच्या समोर बसलं की तिचे डोळे काहीतरी विचारतायत असं वाटे, आणि मला वाटायचं तो माझ्या मनाचा खेळ आहे.

मग एका सकाळी काकूंच्या घरी मामाचा फोन आला. आजीला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून आठ दिवसांनी घरी आणलं होतं. मामाने इतके दिवस कळवलं नाही कारण आक्का येणार नाही हे त्याला माहीत होतं. फोन ठेवून आई घरी आली आणि कोथिंबीर निवडायला बसली. बाबा चप्पल घालून तयार झाले. आई म्हणाली, तुम्ही जाऊन या. बोलता येत होतं तेव्हा एक शब्द पाठवला नाही तिने, आता मी जाऊन काय ऐकू.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मोरीत ऐकलेलं, आजीने विचारलेलं, माझं उत्तर. आई कोथिंबीर निवडत राहिली. माझं बोलून संपल्यावर तिने निवडलेली आणि न निवडलेली जुडी एकत्रच करून टाकली. "सहा वर्षं, निमे," एवढंच म्हणाली. मारलं असतं तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात, तसं मला वाटलं नाही. मला भीती वाटत होती आणि ती मारणार नाही हे मला माहीत होतं. ती उठली, साडी बदलली आणि बाबांच्या आधी बाहेर पडली. मी मागून गेले.

मांजरीच्या घरात शिरताच आई सरळ आत गेली. मला मामीने पडवीतच धरलं. ती रडत होती आणि हळू आवाजात बोलत होती. "आत्याबाई लई वाट बगायच्या गं तुज्या आईची. त्या कुरडया तू घेऊन आलीस तवाच म्हनल्या, शकीच्या हातच्या हायत. येढाच सांगतोय."

मी विचारलं, मग मला तेव्हा काही का म्हणाली नाही.

"त्यांना वाटलं, आक्कांनीच तुला पढवून धाडलंय. माजं नाव सांगू नको म्हनल्या आसतील. म्हनल्या, तिचा राग ऱ्हायलाय, ऱ्हाऊ दे, पर हात चांगला हाय म्हून सांगितलंय पोरीला. घरी जाऊन सांगंल ती." मामीने डोळे पुसले. "तुजा हात तर आत्याबाईंनीच उजवा केल्याला. तुज्या कुरडया उलट्या कशा निगतील?"

एवढी साधी गोष्ट. दोन वर्षं जिने माझा डावा हात बांधला तिच्याशीच मी डाव्या हाताने केलेल्या कुरडयांबद्दल खोटं बोलले होते, आणि तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही. तिला वाटत होतं आपण शब्द पाठवला आणि लेकीकडून उत्तर नाही. आईला वाटत होतं आपण डबा पाठवला आणि आईकडून शब्द नाही. मधे मी होते, मलई खाऊन बसलेली.

आत आजी खाटेवर उशांना टेकून बसवलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. मामाची सून भरवत होती आणि आजी तोंड फिरवत होती. दुसऱ्याच्या हातून खाणं तिला जन्मात जमलं नसतं. डाव्या हाताने ती स्वतः खायला तयार नव्हती, तेही कळत होतं. आईने ताट मागून घेतलं, समोर बसली आणि मऊ भात कालवला. मग आजीचा डावा हात उचलून तिने ताटात ठेवला. आजीने काढून घेतला. आईने परत ठेवला. असं तीन-चारदा झालं. मग आईने स्वतः डाव्या हाताने भाताचा घास केला, आपल्या तोंडात घातला आणि म्हणाली, "असा. अंगठ्याने पुढे ढकल. काही होत नाही, बघ." आईला माहेरच्या घरात डाव्या हाताने जेवताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, तिच्या सातव्या वर्षानंतर तिथल्या कुणीच पाहिलं नव्हतं. आजी बघत राहिली. मग तिने घास केला. अर्धा पदरावर सांडला, अर्धा तोंडात गेला. आईने पदर पुसला आणि पुन्हा दाखवलं. तासभर ते जेवण चाललं होतं.

ताट संपत आलं तेव्हा आईने विचारलं, "मागे कुरडया पाठवल्या होत्या मी. कशा झाल्या होत्या?"

आजीचे ओठ हलले. घशातून आवाज आला, पण त्याचा शब्द होईना. तिने पुन्हा प्रयत्न केला, मान ताणून, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई थांबली होती. मला ते बघवेना. दारातून मीच म्हणाले, "लई हलक्या झाल्यात म्हणाली होती. हात चांगला हाय म्हणाली होती."

आजीने जोरजोरात मान हलवली. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं," म्हणाली. आजीने भाताने भरलेला डावा हात पुढे करून आईचं मनगट धरलं आणि त्या जुन्या डागावरून अंगठा फिरवत राहिली, ताटाला लागलेलं काही पुसून काढावं तसा. थोड्या वेळाने आई म्हणाली, राहू दे आता, भात गार होतोय.

त्यानंतर आठ महिने आई दर मंगळवारी आणि शनिवारी मांजरीला जायची. डाव्या हाताने जेवायला, केस विंचरायला, मिस्रीची डबी उघडायला तिने आजीला शिकवलं. दोघी बोलत नसत, कारण एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरीचं सगळं बोलणं प्रश्नांचं होतं. आई परत यायची तेव्हा तिच्या अंगाला मिस्रीचा वास असायचा. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागायची, डबा भरून द्यायची, लग्न ठरवलं, केलं. त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा बोललो नाही. आता ती नाही, आणि तिने मला माफ केलं का हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

माझी मुलगी वाघोलीला राहते. तिची मुलगी चार वर्षांची आहे आणि डावरी आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले असताना नातीने डाव्या हाताने चमचा उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दुसऱ्या हातात धर गं. का निघालं, माझ्यात कुठे बसलं होतं, मला माहीत नाही. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, हे सुरू करू नकोस," आणि मग दिवसभर माझ्याशी मोजकंच बोलली. घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. हे तिला वाचायला मी स्वतः नेऊन देणार आहे. कुणाबरोबर पाठवणार नाही.

आजी गेली ती दिवाळीच्या आत. पुढच्या उन्हाळ्यात मांजरीच्या घराला पुन्हा वर्ष पाळायचं होतं आणि आईने पुन्हा दुप्पट गहू भिजत घातले. मी रजा काढून चीक हाटला. गच्चीवर उलट्या वेढ्याच्या कुरडया वाळल्या, आईने त्या एकेक उन्हात धरून पाहिल्या आणि तोच गोडेतेलाचा डबा धुऊन, फडकी घालून भरला. जायच्या दिवशी मी चप्पल घातली आणि डबा उचलायला वाकले. आईने तो माझ्या आधी उचलला, काखेत धरला आणि म्हणाली, "राहू दे. मी नेते."

बसथांब्यापर्यंत मी तिला सोडायला गेले. बस आली. गर्दी होती, तिला बसायला जागा मिळाली नाही. डबा तिने खाली ठेवला नाही.